एका उर्मटाची सोबत

१९८९ च्या मार्च महिन्यात अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्याच्या वाळवंटात चार माणसांनी खडकाळ जमिनीत एक खड्डा खणला आणि एका लेखकाला त्यात पुरले. शवपेटी नव्हती, देहाला औषधी लेपन केलेले नव्हते, पाद्री नव्हता, सरकारी परवाना तर नव्हताच. देह स्लीपिंग बॅगमध्ये गुंडाळून पिकअप गाडीच्या हौद्यातून आणला होता. चौघांपैकी दोघे मित्र, एक सासरा, एक मेहुणा. खड्डा पुरेसा झाला आहे की नाही आणि त्यातून बाहेरचे कसे दिसते, हे पाहायला एक जण आधी स्वतः आत आडवा झाला होता, असे सांगतात. एका दगडावर लेखकाचे नाव, जन्ममृत्यूची साले आणि त्याखाली दोन शब्द कोरले गेले. ते मराठीत आणायचे तर 'भाष्य नाही' असे म्हणावे लागेल. ती जागा नेमकी कुठे आहे, हे त्या चौघांनी जगाला सांगितले नाही.

बेत सगळा त्या लेखकाचाच होता. एडवर्ड अ‍ॅबीने आपल्या अंत्यविधीच्या सूचना लिहून ठेवल्या होत्या. दफनाविषयीचे राज्याचे कायदे खुशाल धाब्यावर बसवावेत. रीतसर भाषणे करू नयेत. बंदुकांचे बार काढावेत, बॅगपाइप वाजवावी, बीअर पुष्कळ असावी, मक्याची कणसे असावीत, लोकांनी गावे-नाचावे. आणि देह शक्य तितक्या लवकर मातीत घालावा, म्हणजे एखाद्या निवडुंगाच्या नाहीतर झुडपाच्या मुळांना त्याचा उपयोग होईल.

हा मजकूर आम्हांला प्रथम वाचून दाखवला तो आमच्या सरांनी. आम्ही दोघेही त्यांचे विद्यार्थी, आणि पुढे त्यांच्याच विभागात अध्यापक. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी तौलनिक साहित्याच्या तासाला ते अभ्यासक्रमातले पुस्तक मिटून ठेवत आणि भलतेच काहीतरी काढत. अ‍ॅबी हे त्यांचे असेच एक 'भलतेच'. वर्गात हशा पिकला, सरही हसले, आणि मग म्हणाले, "हसून झालं असेल तर आता सांगा, यातला विनोद कुठे संपतो?" आम्ही कोणी काही सांगू शकलो नाही. प्रश्न कळलाच नव्हता. तो कळायला फार वर्षे जावी लागली, आणि जे व्हावे लागले ते न होते तर बरे झाले असते.

अ‍ॅबीचा जन्म १९२७ चा, पेनसिल्व्हेनियातल्या एका डोंगराळ भागातला. वडील समाजवादी विचारांचे, आई शाळेत शिकवणारी आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी. जन्मला इंडियाना नावाच्या गावात. पण शेजारच्या एका खेड्याचे नाव 'होम', आणि आपण तिथे जन्मलो असेच हा गृहस्थ जन्मभर सांगत राहिला, कारण ते नाव कानाला बरे वाटते! सतराव्या वर्षी, सैन्यात भरतीचे बोलावणे येण्याआधीचा उन्हाळा, म्हणून तो रस्त्यावरच्या गाड्यांना हात करत पश्चिमेकडे निघाला. तिथला लाल खडकांचा, उजाड, निर्जळ प्रदेश पाहून जे वेड लागले ते उतरले नाही. १९५६ आणि १९५७ साली युटा राज्यातल्या आर्चेस येथे त्याने हंगामी वनरक्षकाची नोकरी केली. तेव्हा ते राष्ट्रीय उद्यानही झालेले नव्हते (ते झाले १९७१ साली). मोआब गावापासून आत कच्चा रस्ता, एक पत्र्याचा ट्रेलर, आणि माणसाची वर्दळ अगदी बेताची. त्या हंगामांतल्या टिपणांतून 'डेझर्ट सॉलिटेअर' हे पुस्तक झाले. ते निघाले १९६८ साली.

हे निसर्गवर्णनाचे पुस्तक आहे असे समजून कोणी ते उघडले तर पहिल्या काही पानांतच थबकतो. प्रस्तावनेतच लेखक सांगून टाकतो की, यात वर्णिलेले बरेचसे आता नाहीसे झाले आहे किंवा लवकरच होईल. हातात आहे ते पुस्तक नव्हे, थडग्यावरचा दगड आहे. तो कुठेतरी भिरकावून द्या. पुढे ट्रेलरखाली विषारी साप निघतो तेव्हा हा दुसरा, बिनविषारी साप धरून आणतो आणि घरात सोडतो, म्हणजे पहिला जाईल. उद्यानात नवा डांबरी रस्ता यायचा म्हणून सर्वेक्षकांनी खुंट्या ठोकलेल्या असतात. ते लोक गेल्यावर सरकारचा पगार खाणारा हा वनरक्षक त्या काही मैल उपटत जातो. 'औद्योगिक पर्यटना'वर त्याने एक सबंध प्रकरण खर्ची घातले आहे. राष्ट्रीय उद्यानांत मोटारी येऊच देऊ नयेत, लोकांनी चालावे, नाहीतर सायकल, घोडा, खेचर काय हवे ते घ्यावे, असे त्याचे म्हणणे. त्या काळी ते माथेफिरूपणाचे वाटले. २००० साली झायन उद्यानाने मुख्य दरीत पर्यटनाच्या हंगामात खाजगी मोटारी बंद करून बस सुरू केल्या. आर्चेसमध्ये मात्र २०२१ या एका वर्षात अठरा लाखांहून अधिक माणसे येऊन गेली, आणि त्यांतल्या पुष्कळांच्या गाडीत 'डेझर्ट सॉलिटेअर'ची प्रत असणार, हेही खरे.

या वृत्तीला मराठीत शब्द कोणता, यावर आम्ही पुष्कळ डोके खाजवले आहे. 'अनादर' म्हणावे तर त्यात नुसता अभाव आहे. अ‍ॅबीकडे अभाव नव्हता, उलट काही गोष्टींविषयी त्याचा आदर अतोनात होता. 'पाखंडी' फारच धार्मिक. 'फटकळ' हा सरांचा शब्द, पण तो स्वयंपाकघरातल्या आत्याबाईंना शोभतो. शेवटी आम्ही 'उर्मट'वर येऊन थांबलो. या शब्दात थोडा दोष आहे, आणि अ‍ॅबीत तो होताच.

आमच्या निसर्गलेखनात हे गृहस्थ कुठे बसतील याचा विचार करताना एक जाणवते. मराठीत रानाविषयी ज्यांनी थोर लिहिले त्यांची मुद्रा बहुधा हात जोडलेली आहे. मारुती चितमपल्ली रानात शिरतात ते देवळात शिरल्यासारखे. व्यंकटेश माडगूळकर अधिक तटस्थ, पण तेही आवाज चढवत नाहीत. दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ चे, म्हणजे अ‍ॅबी आर्चेसमध्ये पहिला हंगाम काढत होता त्याच वर्षीचे. दोन्ही पुस्तकांत महिन्यांगणिक बदलणारे झाड-पान-आकाश आहे, आणि तरी ती एका घरातली वाटत नाहीत. पण ती एका घरातली आहेतही, कारण दोघांचा पूर्वज एक: हेन्री डेव्हिड थोरो. दुर्गाबाईंनी 'वॉल्डन' मराठीत आणले. अ‍ॅबीला 'अमेरिकन पश्चिमेचा थोरो' हे बिरुद लॅरी मॅक्मर्ट्रीने दिले, आणि अ‍ॅबीने १९८० साली ग्रीन नदीतून होडी वल्हवत, थोरोचे पुस्तक बरोबर घेऊन, त्याच्याशी हुज्जत घालणारा एक दीर्घ लेख लिहिला. थोरोचे तळे एकाला लाभले, थोरोचा तुरुंग दुसऱ्याला, असे म्हणण्याचा मोह होतो. पण ते खरे नाही. तुरुंगात गेल्या त्या दुर्गाबाईच.

१९७५ साल पाहा. त्या वर्षी अ‍ॅबीची 'द मंकी रेंच गँग' ही कादंबरी आली. चार विक्षिप्त माणसे वाळवंटातले जाहिरातींचे फलक जाळतात, बुलडोझरच्या इंजिनांत वाळू घालतात, पूल उडवतात, आणि ग्लेन कॅनियनचे धरण फोडण्याची स्वप्ने पाहतात. या धरणाचे अ‍ॅबीला आयुष्यभराचे दुःख होते. १९५९ साली तो एका मित्राबरोबर रबरी होडीतून त्या दरीतून गेला होता. १९६३ साली दरवाजे बंद झाले आणि तिनेकशे किलोमीटर लांबीच्या जलाशयाखाली ती दरी, तिच्या घळी, जुन्या वस्त्यांचे अवशेष, सगळे हळूहळू बुडाले. कादंबरीत या चौघांतला एक, जन्माने मॉर्मन असलेला स्मिथ, धरणाच्या माथ्यावर भर रस्त्यात गुडघे टेकतो आणि देवाची मनापासून प्रार्थना करतो: एकच छोटासा भूकंप दे, नेमका इथे. त्याच वर्षी डिसेंबरात, आणीबाणी चालू असताना, कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाईंनी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीस आराम पडावा म्हणून प्रार्थना करवली, केंद्रीय मंत्री व्यासपीठावर असताना. एकाची प्रार्थना कादंबरीतली, एकीची भरमंडपातली. दोन्ही ठिकाणी हात जोडलेले, आणि दोन्ही ठिकाणी ज्याच्या समोर जोडायचे त्याच्या समोर मुळीच जोडलेले नाहीत. प्रार्थनेइतके उर्मट दुसरे काही असू शकत नाही, हे आम्हांला या दोन प्रसंगांनी शिकवले.

अ‍ॅबीचा समाजाशी झगडा असाच चालू राहिला, कधी गमतीने, कधी नुसताच हट्टाने. न्यू मेक्सिको विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या वाङ्मयीन नियतकालिकाचा संपादक असताना त्याने मुखपृष्ठावर राजे आणि धर्मगुरू यांच्याविषयीचे दिदरोच्या नावावरचे ते कुप्रसिद्ध रक्तरंजित वचन छापले आणि खाली नाव घातले लुइझा मे अल्कॉटचे, म्हणजे 'लिटल विमेन' लिहिणाऱ्या बाईंचे. अंक जप्त झाले, संपादकपद गेले. एम.ए.च्या प्रबंधाचा विषय अराज्यवाद आणि हिंसेची नैतिकता. कॉलेजात असताना भरतीची कार्डे नष्ट करा असे पत्रक लावल्यापासून सरकारी गुप्तचर खात्याने त्याची फाइल उघडली. पुढे हे कळल्यावर, आपल्यावर पाळत नसती तर अपमान वाटला असता, अशा अर्थाचे तो बोलला. १९८७ साली अमेरिकन अकादमी ऑफ आर्ट्स अँड लेटर्सने पुरस्कार देऊ केला, तेव्हा त्याच आठवड्यात आयडाहोतल्या एका नदीवर होडीने जायचे ठरले आहे, असे कळवून त्याने तो नाकारला. (पुरस्कारासाठी तारखा मोकळ्या ठेवणाऱ्या आपल्याकडच्या ज्येष्ठांना हे पत्र कोणीतरी अनुवाद करून द्यावे.) १९८५ साली मोंटानात जाऊन त्याने गुराख्यांच्या तोंडावर गुराखी आणि त्यांची गुरे यांच्याविरुद्ध भाषण ठोकले: सरकारी जमिनीवर फुकटात गायी चारून डोंगर उघडे करणाऱ्यांना वीर कसले म्हणता! सभेत पशुपालक बसलेले होते. हे आम्ही मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे त्याचा उपयोग आहे.

आता 'डेझर्ट सॉलिटेअर'मधल्या ज्या प्रकरणामुळे हा लेख लिहितो आहोत, त्याकडे येतो. आज कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यानात मोडणाऱ्या ग्रँडव्ह्यू पॉइंट या कड्याच्या परिसरात एक साठीचा पर्यटक बेपत्ता होतो. शोधपथक निघते, त्यात अ‍ॅबी आहे, त्याचा भाऊ आहे, बेपत्ता माणसाचा पुतण्याही आहे. दोन दिवस उन्हात हरवलेला तो माणूस अखेर कड्याच्या अगदी काठाशी एका जुनिपरच्या झाडाखाली सापडतो, मेलेला आणि फुगलेला. सगळे मिळून त्याला स्ट्रेचरवर घालून मैलभर चढावरून आणतात, आणि आणताना त्याच्या वजनावरून विनोद करतात. पुतण्याने ऐकू नये एवढी काळजी घेतात, बस. मग अ‍ॅबी लिहितो ते असे: या माणसाचे मला वाईट वाटत नाही, हेवा वाटतो. डॉक्टर-पाद्री यांच्या लुडबुडीपासून दूर, आभाळाखाली, एका मोठ्या दृश्याच्या काठावर मरण्याचे भाग्य किती जणांना मिळते? आणि एक गेल्याशिवाय दुसऱ्याला जागा होत नाही. प्रकरणाच्या शेवटी तो वर घिरट्या घालणाऱ्या गिधाडाच्या डोळ्यांनी खाली पाहतो. त्यातून माणूस लहान लहान होत जातो, ट्रेलर, गाव, नदी, सगळे विरते.

हे प्रकरण आम्ही दरवर्षी एम.ए.च्या वर्गात तोंडी अनुवाद करत वाचतो. दरवर्षी वर्ग दुभंगतो. एखादा विद्यार्थी खूश होतो. एखादी विद्यार्थिनी, बहुधा जिच्या घरात नुकतेच कोणी गेलेले असते अशी, उठून विचारते की, त्या पुतण्याचे काय? सुरुवातीला आम्ही याचे उत्तर शैलीच्या अंगाने देत असू: हा कृष्णविनोद आहे, श्रमाचा भार हलका करण्याची ती रीत आहे, खांद्यावर प्रेत वाहणारे सगळीकडे असेच बोलतात. (यात खोटे काही नाही. स्मशानात लाकडे रचणारी माणसे काय बोलतात, ते एकदा थांबून ऐकावे.) पण तिचा प्रश्न त्याने भागत नाही. ती विचारते आहे ते हे की, मेलेला परका असताना मृत्यूचे कौतुक करणे सोपे नाही का?

याच प्रश्नावरून सरांशी आमचे मोठे भांडण झाले होते. निमित्त अ‍ॅबीचे स्थलांतरितांवरचे लेखन. १९८० च्या दशकात त्याने मेक्सिकोतून येणाऱ्या गरीब माणसांना सीमेवर रोखावे, परत पाठवावे असे लिहिले, आणि ते लिहिताना त्यांच्या संस्कृतीविषयी जे शब्द वापरले ते आम्ही इथे देणार नाही. मोठ्या वृत्तपत्राने लेख नाकारला, अ‍ॅरिझोनातल्या एका साप्ताहिकाने छापला, आणि अ‍ॅबीने तो पुढे अभिमानाने ग्रंथात घेतला. लोकसंख्येच्या नावाने बोटे मोडणारा हा माणूस पाच लग्ने आणि पाच मुले यांचा धनी होता. त्याच्या पुस्तकांतल्या स्त्रिया बहुतेक तरुण आणि बहुतेक रूपसंपन्न, आणि फार वेळ बोलत नाहीत. 'डेझर्ट सॉलिटेअर'मधले प्रसिद्ध एकांतही तपासून घ्यावे असे आहे. त्या काळात त्याला पत्नी होती, तान्हा मुलगा होता. पुस्तकात त्यांचा पत्ता नाही. रान रिकामे दिसावे म्हणून आधी ते रिकामे करावे लागते. कधी बायको-मुलांना बाहेर ठेवून, कधी त्या भूमीच्या मूळ रहिवाशांना मावळतीच्या रंगासारखे दूरवर ठेवून.

सरांचे म्हणणे होते की, माणूस उर्मट आहे म्हटल्यावर तो सोयीपुरताच उर्मट राहील अशी अपेक्षा करणे हा आपला बावळटपणा आहे. "राजाला शिवी दिली की टाळ्या, आणि आपल्याला दिली की रुसवा?" आमच्यांतली एक तेव्हा चिडून म्हणाली होती, "सर, राजाला दिली नाही. नदी पोहून उपाशी पलीकडे येणाऱ्याला दिली. गुराख्यांना त्यांच्या सभेत जाऊन दिली होती, यांना वर्तमानपत्रातून दिली." सर बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हे बरोबर आहे." त्यांच्याकडून हे तीन शब्द मिळणे म्हणजे काय, हे त्यांचे विद्यार्थीच जाणोत.

आमचे मत तेव्हा बनले ते अजून तेच आहे. अ‍ॅबीचा उर्मटपणा जिथे त्याच्या स्वतःच्या अंगावर येऊ शकत होता, नोकरी, पुरस्कार, पोलीस, संतापलेले पशुपालक, तिथे तो वाङ्मयमूल्य धारण करतो. तिथे वाक्याला धार आहे, लय आहे, हसू खरे आहे. जिथे किंमत दुसऱ्या कोणीतरी, आणि तेही त्याच्याहून दुबळ्याने, मोजायची होती, तिथे तो साधा तुच्छतावाद होतो, आणि गंमत म्हणजे त्याचे गद्यही तिथे सपाट होते. नीती आणि शैली यांचा एवढा सरळ संबंध सगळ्याच लेखकांत लागत नाही. याच्यात लागतो.

मग ग्रँडव्ह्यू पॉइंटचा तो मेलेला माणूस कुठल्या बाजूला? ते प्रकरण लिहिले तेव्हा अ‍ॅबी तरुण, धडधाकट होता. मृत्यू दुसऱ्याचा होता. म्हणजे विनोद उसनवारीचा होता. पण काही वर्षांत हिशेब त्याच्या दारी आला. १९७० साली त्याची तिसरी पत्नी जुडी रक्ताच्या कर्करोगाने गेली, तरुण वयात, रुग्णालयात, आभाळापासून दूर. पुढच्या वर्षी 'ब्लॅक सन' ही त्याची छोटी कादंबरी निघाली: आगीवर नजर ठेवणारा एक एकटा वनरक्षक, एक मुलगी, आणि तिचे वाळवंटात नाहीसे होणे. अ‍ॅबीच्या वाचकांना ती फारशी आवडत नाही. तिच्यात थट्टा नाही. आम्हांला ती आवडते त्याच कारणासाठी. मग १९८२ मध्ये डॉक्टरांनी त्याला स्वतःलाच सांगितले की, स्वादुपिंडाचा कर्करोग दिसतो, हाती थोडे महिने आहेत. चला, आता दातांत दोरा फिरवायची कटकट गेली, असे तो त्यावर म्हणाल्याची कथा त्याच्या मित्रमंडळींत सांगतात. निदान चुकीचे निघाले. पण दुखणे खरेच होते, अन्ननलिकेतल्या रक्तस्रावाचे, आणि १४ मार्च १९८९ रोजी, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, तो टूसॉनजवळच्या आपल्या घरी त्यानेच गेला. त्या वेळी विनोद उसना राहिलेला नव्हता. फक्त तो पुरा करण्याचे काम आता त्याच्या हातात नव्हते. ते त्या चौघांच्या हातात होते.

सर गेले त्याला आता काही वर्षे झाली. त्यांनी देहदानाचा अर्ज भरला होता. विधी नकोत, दहावा-तेरावा नको, फोटोला हार नको, कॉलेजात शोकसभा तर अजिबात नको, हे त्यांनी एका वेगळ्या कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून ठेवले होते, आणि खाली एक ओळ होती: बीअर चालेल. अर्जावर साक्षीदार म्हणून सह्या आमच्या दोघांच्या. सही करताना आम्ही हसत होतो. विभागात चहा आला होता.

ते पहाटे गेले. आम्ही पोहोचलो तेव्हा घरात माणसे जमली होती, गावाहून थोरले भाऊ निघाले होते. वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाला फोन करायचा तर तो काही तासांतच करायचा असतो, आणि नातेवाइकांची संमती नसेल तर अर्जाला अर्थ उरत नाही. अर्जाची प्रत आमच्यापैकी एकाच्या पिशवीत होती. काकूंनी आम्हांला आत बोलावले. त्यांच्या दिरांचा फोन आला होता: अग्नी दिल्याशिवाय कसे चालेल, लोक काय म्हणतील. काकू म्हणाल्या, "तुम्हीच सांगा. त्यांचं तुम्हांला जास्त माहीत."

आम्ही एकमेकांकडे पाहिले. मग आमच्यांतले कोणीतरी, कोण ते आम्हांला दोघांनाही निश्चित आठवत नाही आणि आम्ही ते कधी ठरवायचा प्रयत्नही केला नाही, म्हणाले, "तुम्ही ठरवाल तसं, काकू."

काकूंना दोष देण्याचा प्रश्नच नाही, त्यांच्या दिरांनाही नाही. त्या बाईंनी नवरा गेल्यावर तासाभरात विचारले होते, आणि ज्यांना विचारले त्यांनी ओझे पुन्हा त्यांच्याच खांद्यावर ठेवले. दुपारी विद्युतदाहिनीत सर गेले. दहावा झाला, तेरावा झाला. कॉलेजात शोकसभा झाली, तीत आम्ही दोघेही बोललो. सरांच्या निर्भीडपणाबद्दल बोललो. फोटोला हार होता, तो आम्हीच आणला होता.

त्या रात्री आम्ही पुन्हा अ‍ॅबीच्या दफनाची हकीकत काढून वाचली, आणि वीस वर्षांत प्रथमच ती हसायची वाटली नाही. त्यातला लेखक आता आम्हांला दिसेना. दिसत होते ते चौघे. मृत्यूपूर्वी उर्मट असणे त्या मानाने सोपे आहे, त्याला कागद पुरतो. लोफलर, पीकॉक आणि त्या दोघा आप्तांना मात्र खरोखरच प्रेत गाडीत घालून, कायदा मोडून, रात्र काढून, कुदळीने खडक फोडावा लागला; आणि पुढे जागा विचारणाऱ्या प्रत्येकाला नाही म्हणावे लागले. मे महिन्यात आर्चेसजवळ पहाटे जी मोठी सभा झाली तिला वेंडेल बेरी आला होता, टेरी टेम्पेस्ट विल्यम्स आली होती. तिथे बोलण्यासारखे पुष्कळ होते आणि लोक सुंदर बोलले. पण ती दोन महिन्यांनंतरची गोष्ट. आधीची गोष्ट खड्ड्याची.

सरांनी वर्गात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आता आम्हांला ठाऊक आहे, असे म्हणवत नाही. एवढे मात्र त्या मुलीला, पुतण्याविषयी विचारणाऱ्या मुलीला, आम्ही हल्ली शैलीचे उत्तर देत नाही. तिला आम्ही सरांची हकीकत सांगतो. नावे न घेता सांगतो, पण सह्या आमच्या होत्या हे सांगतो. मागच्या वर्षी एकाने विचारले, "मग त्या चार मित्रांना पोलिसांनी धरलं का?" नाही, म्हणालो. "आणि तुम्हांला कोणी काही म्हणालं का?" नाही, कोणीच नाही, म्हणालो. वर्गात कोणी हसले नाही.

यंदा आम्ही दोघांनी देहदानाचे अर्ज आणले आहेत. बाकी सारे रकाने भरून झाले. साक्षीदारांच्या जागा अजून रिकाम्या आहेत. एकमेकांची सही घ्यायला आम्ही दोघेही तयार नाही.